पाय पसरून अमेरिकेला

शिवराम नाना कुठेही बसायच्या आधी पाय पसरून बघतात. न्हाव्याची खुर्ची असो, एसटीचं बाकडं असो, नाहीतर कुणाच्या ओटीवरची सतरंजी. आधी उभ्यानेच एक पाय पुढे टाकायचा, टाच टेकवायची, पुढे किती जागा उरते ते बघायचं आणि मगच बूड टेकायचं. जागा कमी पडली तर नाना मान हलवतात. "न्हाई राव, हितं काय जमनार न्हाई. आमी पाय पसरून अमेरिकेला जाऊन आलेली मानसं." एवढं बोलून ते ओतूरपासून जुन्नरपर्यंत एसटीत उभ्याने जातात, आणि छताला डोकं लागतं म्हणून मान वाकडी करून जातात.

मी नानांचा शेजारी. त्यांची आणि माझी भिंत एकच. ओतूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा आणि लग्नाची पंगत सांभाळणं हा नानांचा शौक, त्यामुळे लग्नसराईत आम्ही घरापेक्षा मांडवातच जास्त भेटतो.

नाना उंच आहेत म्हणजे किती, तर सहा फुटांच्या बरेच वर. आणि पारूकाकी, त्यांच्या घरच्या, त्यांच्या कोपराला लागतात. दोघांचा जोडीचा फोटो मला आजवर धड जमलेला नाही. नाना आले तर काकींचे पाय कापले जातात आणि काकी पुऱ्या आल्या तर नानांची मान जाते. पासपोर्टसाठी फोटो काढला तेव्हा नाना स्टुलावर बसूनही पडद्याच्या वर निघाले, तेव्हा मी पडदा खिळ्यावरून काढून छताच्या वाशाला बांधला होता.

पण हीच उंची पंगतीत कामाला यायची. मांडवात कुठेही उभे राहिले तरी नानांना पार शेवटच्या पत्रावळीवरचं मीठ दिसायचं. "तितं, खांबाच्या कडंला, कोशिंबीर न्हाई पोचली!" अशी आरोळी आली की वाढपी पळत सुटायचा. सगळ्यांच्या पानात भात पडल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, हा नानांचा कायदा. शेवटच्या पानावर वरण पडलं की नाना हात वर करणार, "हां, घ्या द्येवाचं नाव" म्हणणार, आणि मगच जेवण सुरू. पोटात कावळे ओरडत असलेला वरबापही तोपर्यंत पानाकडे नुसता बघत बसायचा. ओतूर, बेल्हे, आळेफाटा, कुठेही लग्न असलं की लोक आधी नानांना विचारून मग तारीख धरायचे.

पहिल्या पंगतीला व्याही, पाहुणे, मानकरी. दुसरीला गावकरी, आणि त्यांच्यातच यजमान हाताला धरून नानांना बसवायचा. शेवटच्या पंगतीला घरच्या बाया, राबायला आलेल्या बाया, बँडवाले आणि फोटोग्राफर. म्हणजे मी. पारूकाकी दर लग्नात पहाटेपासून भाज्या चिरायला आणि पुऱ्या लाटायला असायच्या, त्यामुळे त्यांची आणि माझी पंगत ठरलेली. आमच्यापर्यंत येईस्तोवर जिलेबीचा चुरा झालेला असायचा आणि मठ्ठ्याचं पाणी. त्यातला एखादा बरा तुकडा काकी माझ्या पानात टाकायच्या. "खा रं बाबा, दिसभर उभा हायस."

तर ही अमेरिकेची भानगड अशी. नानांची मुलगी सुमन लग्न करून तिकडे गेलेली. दोन हजार सालानंतर केव्हातरी तिचं बाळंतपण आलं, आणि जावयाने दोघांची तिकिटं पाठवली. तिकिटं साध्याच वर्गाची, पण जावई शहाणा. सासऱ्याचे पाय त्याने लग्नात पाहिलेले. त्याने विमानवाल्यांना फोन करकरून नानांसाठी पहिल्या रांगेतली खुर्ची मागून घेतली. तिच्या पुढे खुर्चीच नाही, नुसती भिंत, त्यामुळे पाय हवे तेवढे लांब करा. काकींना तिथे जागा मिळाली नाही, कारण तान्ही पोरं घेतलेल्या बायांना ती रांग आधी देतात. काकींची खुर्ची पार मागे, मधल्या रांगेत, दोन माणसांच्या मध्ये.

नाना सहा महिन्यांनी परत आले ते नातवाच्या आधी खुर्चीचंच सांगत. मी भेटायला गेलो तर दोन्ही गुडघे सुजून टम्म. काकी तेल चोळत बसलेल्या.

"नाना, हे काय झालं?"

"विमानातली एशी रं. वरची हवा. गुडघ्यात शिरली."

"पण पाय पसरून गेला होता ना?"

"पसरून गेलतो म्हनून तर शिरली! आकडून बसलो आसतो तर शिरली आसती का?"

हे मला त्या वेळी पटलं. नाना ज्या जोरात सांगतात, त्याने काहीही पटतं.

मग पुढची दोन-तीन वर्षं तालुक्यातल्या सगळ्या लग्नांना विमानाचा वारा लागला. विमानात जेवणाआधी बाई चिमट्याने गरम ओलं फडकं देते, तसं आपणही द्यायचं, असं नानांनी ठरवलं. फडकी मिळाली, पण चिमटा आचाऱ्याच्या भट्टीवरचा. विहीणबाईंनी त्या फडक्याने तोंड पुसलं आणि ऐन लग्नात त्यांच्या दोन्ही गालांवर काजळीचे पट्टे उमटले. तो फोटो माझ्याकडे अजून आहे, कुणी मागितला तरी मी देत नाही.

पंगत बसली की नाना मधोमध उभे राहून दोन्ही हात विमानातल्या बाईसारखे पसरायला लागले. "आयका! हात धुवायला माघं, डाव्या अंगाला. पानी उजव्या अंगाला. आन वाऱ्यानं मांडव उडालाच, तर आधी सोताचं डोकं संबाळा, मंग पोराचं. हे आमी न्हाई म्हनत, विमानात तसंच सांगत्यात." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, पण सांगितलेलं सगळ्यांना कळायचं. खोटं कशाला बोलू, नानांच्या पंगतीत हात धुवायला कुणी चुकलेलं मी बघितलं नाही.

विमानातल्या जेवणाबद्दल मात्र त्यांचं मत संमिश्र होतं. "ताटात ज्याची त्याची जागा ठरल्याली, ही गोष्ट लई चांगली. भात डबीत, वर चांदीवानी कागद. पन मीठ? मीठ पुडीत कोंडल्यालं! आन पाव आसा, का बैलाला मारला तर बैल बसंल. लोन्याची टिकली, चौकोनी गोड केक, पान्याची वाटी, तिला बी वरनं कागद. मासवडी काय न्हाई, ठेचा काय न्हाई. पन वाढप बाकी एक नंबर. येका बी मानसाला उटावं लागत न्हाई."

"तुम्ही जेवलात का पण?"

"जेवतोय कसा? शेवटच्या पानापत्तुर पोचलं का न्हाई, बघाया नको? आमी उटून उभं ऱ्हायलो. ती बाई म्हनती, सर सीट, सर सीट. म्या म्हनलं, थांब बये, माघं पोचू दे. तवर हिकडं लोकं जेवून मोकळी! कुनी हात वर करायला न्हाई, कुनी द्येवाचं नाव घेयाला न्हाई. ज्यानं त्यानं आपापलं सुरू. आन येवढ्यात दुसरी बाई माझं भरल्यालं ताट उचलून घिऊन बी गेली."

असा हा सगळा विमानप्रवास गावाला पाठ झाला होता. बारकी पोरंसुद्धा चिंचेखाली पाय लांब करून "आमी अमेरिकेला" म्हणायची. नानांना त्याचा राग नव्हता. उलट पोरांचे पाय पुरेसे लांब होत नाहीत म्हणून ते स्वतः ओढून दाखवायचे.

पण एका माणसाला ते खुपायचं. बबन, नानांचा चुलत पुतण्या. आळेफाट्याला त्याचं हॉटेल, आणि बाजूला गाड्यांचं आणि तिकिटांचं ऑफिस. तोही एकदा सहलीबरोबर सिंगापूरला जाऊन आला होता, पण त्याचं विमान कुणी ऐकून घेत नव्हतं, कारण त्याआधीच नानांचं उडून गेलेलं. बबनच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तो नानांकडे आला. नाना, मी, आणि भावकीतले दोन म्हातारे अंगणात बसलो होतो. नाना नेहमीप्रमाणे पाय पार तुळशीपर्यंत लांब करून.

"नाना, येक इचारायचं व्हतं. औंदा बुफे ठिवावा म्हनतो. टेबलावर मांडायचं, ज्याचं त्यानं घ्यायचं, उभ्यानं खायचं. पुन्याला समदीकडं तसंच हाय."

नानांचा चेहरा उतरला. बबनच्या दारात बुफे झाला की पुढच्या मोसमात सगळ्या दारांत होणार, आणि मग हात वर करून "घ्या द्येवाचं नाव" म्हणायला नानांना कोण बोलावणार? हे त्यांना कळत होतं, आम्हालाही कळत होतं.

"आरं, विमानात सुदा बसवून वाढत्यात!" नाना म्हणाले. "तितं जागा न्हाई, जिमीन न्हाई, खाली समिंदर. तरी बी मानसाला उटवत न्हाईत. आन तू आळ्याफाट्याला येवढं मैदान आसून पावन्यांना ताट घिऊन रांगेत उभं करनार?"

बबन हसला. "विमानाचं तुमी सांगू नका, नाना. तुमी त्या पुढच्या शिटवर बसलाच न्हाई, आसं मला वाटतंय."

दोन्ही म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

"आसं करा," बबन म्हणाला, "पैज लावू. येकच सांगा. त्या शिटवर जेवायचं टेबल कुठनं निघतंय? सांगितलं तर पंगत. न्हाई तर बुफे, आन परत विमान काढायचं न्हाई."

"हात् तुझ्या!" नाना खुशीत आले. "समोरच्या खुर्चीच्या पाठीतनं. खटका फिरीवला का पडतंय गुडघ्यावर."

बबनने मांडीवर थाप मारली. "समोर भिंत हाय म्हनता ना? भिंत हाय तर खुर्ची कुनाची? पाठ कुनाची?"

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तुळशीकडे, आणि हळूहळू दोन्ही पाय जवळ ओढून घेतले. एवढा लांब माणूस आणि त्याची गाठोड्याएवढी वळकटी झाली. मला फार वाईट वाटलं. थापा मारल्या असतील तर असतील, पण त्या थापांनी कुणाचं काय बिघडलं होतं? बबनला उठून दोन शब्द सुनावावेत असं मनात आलं, पण बोलू काय? टेबलाचं मला तरी कुठे ठाऊक होतं?

"हातातनं निघतंय."

आम्ही वळून बघितलं. पारूकाकी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. पुरुषमाणसांच्या बैठकीत त्या बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

"खुर्चीच्या हातातनं. हात आसा वर उचलायचा, आत टेबल घडी घालून ठिवल्यालं आसतंय. उभं वडायचं, मंग आडवं उलगडायचं. टीव्ही बी तितनंच निघतोय, दांडीवर. तान्ह्या पोराचा पाळना म्होरल्या भिंतीला आडकावत्यात. माझ्या शेजारच्या बाईचा व्हता."

"काकी, तुमाला काय ठावं?" बबन म्हणाला.

"मी बसले व्हते."

त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि पदर सावरला. मग एकदाच सगळं सांगून टाकलं. विमानात शिरल्यावर नाना त्या पुढच्या खुर्चीशी गेले, सवयीने पाय पसरून बघितला, समाधानाने मान डोलावली आणि काकींना म्हणाले, बस. काकी म्हणाल्या, ही तुमची. नाना म्हणाले, बस म्हनतो ना. आणि स्वतः पार मागे जाऊन त्या दोन माणसांच्या मध्ये घुसले.

"माझं पाय तर खाली टेकत बी नव्हतं," काकी म्हणाल्या. "येवढी जागा म्होरं मोकळी, आन मी आपली लोंबकळतेय. आन ह्यांचं गुडघं म्होरच्या मानसाच्या पाठीत. त्यो मानूस सारखा उटून भांडायचा. येताना बी तसंच. म्हनून तर सुजून आलं. वरची हवा कसली आलीया?"

"मग हे सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"मीच नको म्हनले. गाव हसंल, बायकोला म्होरं बसवून आपून माघं बसला म्हनतील. तुमीच बसला व्हता आसं सांगा म्हनले." काकींनी नानांकडे बघितलं. "येवढं सांगतील, हे मला काय ठावं!"

म्हातारे हसले. नाना हसले नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाले, "ती बाई ताटांची गाडी घिऊन आली का पयल्यांदा त्या रांगेला वाढती. म्या तिकीट काढनाऱ्या पोराला इचारलं व्हतं, पोराला म्हंजी जावयाला. पयली पंगत व्हती ती." बोटाने मातीत रेघ ओढत ते म्हणाले, "गावात इतक्या पंगती बसीवल्या, पन घरच्या बाईला कसं बसवायचं पयल्या पंगतीला? लोकं म्हनतील, ह्याच्या हातात वाढप हाय म्हनून. वर आभाळात कुनाचं काय चालतंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विमानात नाना उठून उभे राहिले ते खरंच होतं. बाई "सर सीट" म्हणाली तेही खरं. फक्त ते मागे बघत नव्हते, पुढे बघत होते. एवढ्या डोक्यांवरून काकी काही दिसायच्या नाहीत, त्यांचा अंबाडासुद्धा खुर्चीच्या वर येत नाही. नाना बघत होते ते बाईचे हात त्या खुर्चीपाशी ताट घेऊन खाली वाकतात का.

बबन चहा ढवळत बसला. चहात ढवळण्यासारखं काही नव्हतं. मग कप ठेवून म्हणाला, "काकी, पंगतच करू. पन मी यजमान हाय, मी सांगनार. पयल्या पंगतीला तुमी बसायचं. नानांनी न्हाई, मी बसीवनार."

"आगं बया, मी कशाला? मी आपली माघनं..."

"माघनं न्हाई," बबन म्हणाला. बबन तसा वाईट माणूस नाही.

लग्नाच्या दिवशी काकी येतात की नाही, याची मलाच धाकधूक. त्या पहाटेपासून पुऱ्या लाटत होत्याच. पंगत बसायची वेळ झाली. नानांनी हात पसरून मांडव उडाल्यावर काय करायचं ते सांगितलं. मग पहिल्या रांगेच्या तोंडाशी गेले, पाय पुढे टाकला, टाच टेकवली आणि तिथे रांगोळीने रेघ ओढली. एवढ्या जागेत दोन पानं सहज मावली असती. एक वाढपी तिथे पत्रावळ टाकायला आला तर नाना त्याच्यावर असे ओरडले की सनईवाला बिचकून थांबला.

बबनच्या बायकोने काकींना हाताला धरून आणलं. हाताला पीठ तसंच. सोबत नवरीची आजी आणि दोन म्हाताऱ्या. काकी बसल्या त्या मांडी घालून, अंग चोरून, पदर डोक्यावर. पुढे एवढी मोकळी जागा आणि त्यांनी वीतभरसुद्धा वापरली नाही.

वाढप सुरू झालं. नाना मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला, भाताच्या पातेल्यापाशी. आणि एवढा उंच माणूस टाचा उचलून, चवड्यांवर उभा राहून डोक्यांवरून बघायला लागला. विमानातून आणलेले मोजे त्यांनी लग्नात घालायचे म्हणून जपून ठेवले होते, तेच पायात, टाचेला फाटलेले. मी वधूवर सोडून नानांच्या पाठीचा फोटो काढला. शेवटच्या पानावर वरण पडलं होतं, लोक खोळंबले होते, तरी नाना हात वर करीनात. वाढप्याने काकींच्या पानात चुकून राहिलेलं मीठ वाढलं, लिंबू ठेवलं, तेव्हा कुठे टाचा खाली आल्या.

"हां, घ्या द्येवाचं नाव."

आवाज नेहमीइतका चढला नाही. पण त्यांची छाती मी बघितली, सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्या बेताला आल्या होत्या.

दुसऱ्या पंगतीला बबन त्यांना बसवायला आला तर नाना म्हणाले, नंतर बसतो. शेवटची पंगत बसली. बाया, बँडवाले आणि मी. माझ्या शेजारी काकींची जागा रिकामी होती. नाना आले आणि त्या जागेवर बसले. बसण्याआधी त्यांनी पाय पसरून बघितला नाही. आमच्यात जागा नव्हतीच, ते गुडघे छातीशी घेऊन बसले.

पानात जिलेबीचा चुरा पडला, मठ्ठ्याचं पाणी आलं. नाना पानाकडे बघत राहिले.

"हे आसं आसतंय व्हय रं, शेवटाला?"

"असंच असतं, नाना."

"आन ही काय खायची?"

"हेच खायच्या. त्यातला बरा तुकडा मला द्यायच्या."

पानातला चुरा बोटाने चिवडून नानांनी त्यातला मोठा तुकडा शोधला, आणि माझ्या पानात ठेवला.

"खा," म्हणाले. "दिसभर उभा हायस."